कावळा फसतो, पाय उडतो आणि टाइपरायटर हटत नाही

मागच्या अंकात जाता जाता लिहून गेले होते की, उत्क्रांती म्हणजे प्लॉट घेऊन, नकाशा काढून घर बांधणारा बिल्डर नव्हे. भाड्याच्या दोन खोल्यांत राहता राहता पोटमाळा काढणारं कुटुंब आहे. भिंत पाडता येत नाही, सामान रस्त्यावर ठेवता येत नाही आणि रात्री पथारी पसरायला जागा तर रोज लागते. या वाक्यावरून वाचकांनी मला चांगलंच धरलंय. पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, गंगापूर रोडवर भाजी घेताना गाठूनही विचारून झालं. जमतील तेवढे प्रश्न घेते. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून कोणाचंच छापत नाही.

दशक्रियेसाठी रामकुंडावर गेलो होतो. कावळा किती हुशार, ते तिथे दिसतंच. मग हाच कावळा कोकिळेचं पिल्लू आपलं समजून वाढवतो, हे पटत नाही. इतक्या काळात त्याला एवढंसं कळू नये?
— एक वाचक, पंचवटी

रामकुंडावरच्या कावळ्यांची हुशारी मीही पाहिलीय. घरची मंडळी हात जोडून एकेक इच्छा कबूल करतायत आणि कावळा पत्र्यावर बसून शेजारच्या पिंडाकडे बघतोय. त्यात गेलेल्या माणसाचा रुसवा किती आणि कावळ्याचं सकाळपासून झालेलं जेवण किती, हे मी तिथे बोलत नाही. इथेही नको.

कावळा हुशार आहे, हे मान्य. अमेरिकेत सिएटलला पक्षी-अभ्यासक जॉन मार्झलफ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ठरावीक मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात खुणेची कडी घालून सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा घातलेला माणूस दिसला की तिथले कावळे कल्ला करत अंगावर येत. पण हुशारी हा काही एकच रांजण नसतो, की कुठल्याही कामाला त्यातच तांब्या बुडवावा. चेहरा ओळखणं वेगळं, अंडं ओळखणं वेगळं.

आणि खरं सांगायचं तर अंडं ओळखणं नेहमी फायद्याचंच असतं असंही नाही. हे मला प्राणिशास्त्राने शिकवण्याआधी आमच्या अण्णांनी शिकवलं. अण्णा नाशिकरोडला नोट प्रेसमध्ये होते. घरात कुठूनही नोट आली की ती आधी ट्यूबलाइटसमोर जायची. मग अण्णा अंगठ्याने उठावाची छपाई चाचपायचे, तार बघायचे, आणि मगच ती आईच्या डब्यात पडायची. बिटको चौकातला आमचा एक किराणावाला एकदा शंभराच्या खोट्या नोटेत फसला. त्याने एवढा धसका घेतला की नंतर जरा मऊ झालेली, घडीवर विरलेली नोटही तो परत करायला लागला. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊ लागलं. अण्णा म्हणाले, "खोटी नोट घेऊन याचे शंभर गेले. खऱ्या नोटा परत करून दुकान जाईल."

कावळीचं गणित तेच आहे. तिच्या घरट्यात निळसर हिरवट, तपकिरी ठिपक्यांची चार-पाच अंडी. कोकिळेचं अंडं थोडं लहान, पण रंगाने त्याच वळणाचं. संशय आला म्हणून कावळीने अंडं ढकललं आणि ते नेमकं तिचंच निघालं, तर नुकसान तिचं. उलट कोकिळेचं अंडं ठेवून घेतलं तर? युरोपातल्या कुकूचं पिल्लू डोळे उघडण्याआधीच यजमानाची अंडी-पिल्लं पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटतं. तिथे यजमानाचं सगळंच जातं. आपल्या कोकिळेचं पिल्लू सहसा असं करत नाही. ते कावळ्याच्या पिल्लांआधी बाहेर येतं, वाढीत पुढे राहतं, घासात वाटा मागतं. कावळ्याची काही पिल्लं उपाशी मरतातही, पण काही तगतात. म्हणजे नोट पाचशेची नाही, दहाची गेली. दहाच्या नोटेसाठी कोण ट्यूबलाइट लावतं? कुकूकडून नागवले जाणारे बरेच छोटे पक्षी मात्र अंडी पारखण्यात फार कडक झालेत, आणि म्हणून कुकूची अंडीही नकलेत फार पुढे गेलीत. एकाने पाऊल टाकलं की दुसऱ्याला टाकावंच लागतं. प्रेसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. १९२८ पासून तिथे नोटा छापतायत आणि तेव्हापासून नक्कल करणाऱ्यांच्या दोन पावलं पुढे राहण्याचीच नोकरी चाललीय. २०१६ नंतरची पाचशेची नोट तिरकी करून बघा, तार हिरवीची निळी होते. पुढे कधी तेवढंही पुरणार नाही.

कावळा अगदीच गाफील असतो, असंही नाही. उन्हाळ्यात कॉलनीत कोकीळ दिसला की कावळे त्याला पिटाळत नेतात. आणि तो पिटाळला जात असताना कधी कधी ठिपक्याठिपक्यांची मादी मागच्या मागे घरट्यात जाऊन येते. (गातो तो काळा नर. आपल्या कवितांनी सगळा गळा कोकिळेला देऊन टाकलाय, ते जाऊ द्या.)

आमच्याकडे थॉम्पसन द्राक्षांची बाग आहे. डाऊनी बुरशीला आता औषधाची सवय झालीय, मारून काही होत नाही. बुरशी इतक्या लवकर शिकते कशी?
— द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

"सवय झाली" हा शब्द मी आमच्या द्राक्ष बागायतदार दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की उत्तर त्यालाच देते आहे असं समजून लिहिते.

बुरशीला सवय होत नाही. सवय तुम्हाला-मला होते, तंबाखूची, चहाची. चाळणीतून वाळू चाळली की वर खडे राहतात. चाळणीने कुठला खडा मोठा केला का? तो मोठाच होता. बारीक निघून गेलं म्हणून आता खडेच दिसतात. डाऊनीचे बीजाणू एका पानामागच्या पांढऱ्या थरात अगणित असतात. त्यांतला एखादा जन्मतःच थोडा वेगळा असतो, योगायोगाने. तुमचं औषध नसतं तर त्या वेगळेपणाचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. औषध पडलं, बाकीचे मेले, मंडप याला मोकळा.

हा वेगळेपणा किती लहान असतो ते ऐका. अझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटातली औषधं बुरशीच्या पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या एका प्रथिनावर बरोबर एका जागी बसतात आणि ते काम बंद पाडतात. त्या प्रथिनाच्या साखळीत १४३ व्या मण्याच्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल असतं. तिथे ॲलानिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं की औषधाला बसायला जागाच राहत नाही. एवढ्या मोठ्या माळेतला एक मणी. तुमची हजारोंची फवारणी त्या मण्यावरून घसरते.

आता याच्या शेजारी बोर्डो ठेवून बघा. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर बागायतदार मोरचूद आणि चुना शिंपडायचे. का, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत! निळे डाग बघून माणूस बिचकतो. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस आलं की, बाकी बाग डाऊनीने झडलीय आणि ही रस्त्याकडेची ओळ हिरवीगार आहे. १८८५ मध्ये त्यांनी मिश्रण छापून जाहीर केलं. म्हणजे जगातलं एक नावाजलेलं बुरशीनाशक चोरांसाठी बनलं होतं. या महिन्याच्या बाकीच्या प्रश्नांशीही याचा संबंध आहे: एका कामासाठी आलेली गोष्ट दुसऱ्याच कामाला लागणं, हे निसर्गात सारखं चालतं. पिसं बहुधा आधी ऊब धरायला आली, उडायला नंतर.

सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तरी बोर्डो निकामी का झालं नाही? तांबं बुरशीच्या पेशीत एका जागी नाही, पाच-पन्नास ठिकाणी बिघाड करतं. एक मणी बदलून भागत नाही. एका दाराचं कुलूप तोडणं आणि सगळ्या वाड्याची कुलपं एकदम तोडणं, यात फरक आहे.

दादाचं काय झालं तेही सांगते. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला. कोवळ्या घडांवर डाऊनी आली. दुकानदाराने आठ दिवसांत तीन वेगवेगळ्या नावांच्या बाटल्या दिल्या. दादाने तिन्ही मारल्या, तरी घड चॉकलेटी पडून जिरले. मी दिवाळीला गेले, तेव्हा रिकाम्या बाटल्या गोठ्याच्या भिंतीशी लावून ठेवलेल्या होत्या. चष्मा लावून लेबलांवरचं बारीक अक्षर वाचलं. तीन कंपन्या, तीन रंगांची झाकणं, आणि आतला घटक एकाच गटाचा. त्याने तीनदा तीच चाळणी फिरवली होती. तेव्हापासून तो आधी गट वाचतो, मग किंमत. बोर्डोही पुन्हा घरी करायला लागलाय: प्लास्टिकच्या दोन ड्रमांत, किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी, आणि शेवटी विळ्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर लाल झाक आली तर चुना कमी आहे. हे वडिलांच्या काळातलं ज्ञान; मध्ये काही वर्षं त्याला त्याची लाज वाटत होती. (तुमच्या बागेची अवस्था बघितल्याशिवाय माझ्या सांगण्यावर काही फवारू नका. मी प्राण्यांची बाई आहे, बुरशीची नाही.)

एक मात्र लक्षात घ्या. बुरशी बदलतेय आणि वेल जागेवर उभी आहे. थॉम्पसनला बी नाही, म्हणून ती काडीनेच वाढवायची. लाखो वेली म्हणजे एकाच वेलीचे तुकडे. वेगळेपण आलंच तर एखाद्या फांदीवर अचानक येतं आणि ते हेरायला शेतकऱ्याचे डोळे लागतात. तास-ए-गणेश, सोनाका अशाच निवडीतून आल्या. रानात बिनबियांची वेल म्हणजे वंशखंड. आपल्याकडे तीच एकरच्या एकर पसरलीय. कोणी कोणाला पाळलंय, असा प्रश्न मला मंडपाखाली बसल्यावर पडतो.

माणूस माकडापासून झाला, तर गडावरची माकडं अजून माकडंच का?
— एक वाचक, वणी

दर वर्षी येतो हा प्रश्न. तुम्ही तुमच्या चुलत भावापासून झालात का? नाही ना, तुमचे दोघांचे आजोबा एक. तो अजून आहे याचं तुम्हाला नवल वाटत नाही. आपण आणि चिंपँझी यांचे सामाईक पूर्वज साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वीचे, आणि गडावर तुमच्या हातातला प्रसाद पळवणाऱ्या माकडांशी नातं जुळवायचं तर अडीच कोटी वर्षं मागे जावं लागेल. तीही तेवढीच वर्षं बदलत आलीयत, आपापल्या दिशेने. पिशवीची चेन उघडायला शिकलीच की.

माझ्या मिस्टरांना दूध पचत नाही. कपभर प्यायले तरी पोट डब्ब होतं. सासूबाई म्हणतात, नाटकं आहेत, आमच्या घरात असं कोणाला नव्हतं. खरं काय?
— एक वाचक, सिडको

मिस्टरांना माझा पाठिंबा कळवा.

दुधातली साखर, लॅक्टोज, फोडायला लॅक्टेज नावाचं विकर लागतं. सस्तन प्राण्यांच्या पिल्लात ते असतं. अंगावरचं दूध सुटलं की त्याचं बटण हळूहळू बंद होतं. वासरू, कुत्र्याचं पिल्लू, सगळ्यांचं. मोठेपणी दूध पचणं हीच खरी विचित्र गोष्ट आहे आणि ती जगातल्या साधारण एक तृतीयांश माणसांतच आहे. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखली, त्यांच्यात हे बटण चालूच ठेवणारा बदल पसरला. युरोपात जो बदल सापडतो तोच भारतातही सापडतो, वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. पूर्व आफ्रिकेतल्या गुराख्यांमध्ये वेगळेच बदल आहेत. दोन शाळांतल्या मुलांनी एकच गणित आपापल्या रीतीने सोडवावं तसं.

मला यातली गंमत वेगळी वाटते. आजच्या तुर्कस्तानात सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत दुधातल्या स्निग्धाचे अंश मिळालेत. मोठ्यांना दूध पचवणारा बदल सर्रास पसरला तो त्याच्या हजारो वर्षांनंतर. मधल्या काळात लोक काय करत होते? बहुधा तुमच्या घरात करतात तेच: विरजण. विरजणातले जीवाणू लॅक्टोजचा बराच भाग आधीच खाऊन टाकतात. म्हणजे आधी युक्ती, आधी मडकं, आणि शरीर मागाहून. आपल्याला वाटतं शरीर आधी घडलं आणि मग आपण शोध लावले; इथे शोधाने शरीर घडवलं.

मिस्टरांना ताक द्या. सासूबाईंना हे उत्तर वाचायला द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

मी सत्तावीस वर्षांची आहे, आयटीत आहे. पाल दिसली की माझी किंकाळी वरच्या मजल्यापर्यंत जाते. पण मुंबई नाक्याच्या गर्दीत ओढणी तोंडाला बांधून, हेल्मेट डिकीत ठेवून बिनधास्त गाडी चालवते. हे उत्क्रांतीमुळे का?
— एक वाचक, इंदिरानगर

अर्धं उत्क्रांतीमुळे, अर्धं तुमच्या आईमुळे.

एकतीस वर्षं मी फॉर्मलिनच्या बरण्यांतले साप हातात घेऊन शिकवलं. घोणस, नाग, मण्यार. खवले मोजायचे, मुलांना मोजायला लावायचे. निवृत्तीनंतर एकदा दादाच्या बागेत संध्याकाळी चालले होते. पायाजवळ काळं काहीतरी वळवळलं. मी उडी मारून सरीत पडले, घोटा मुरगळला. ठिबकची नळी होती. पाणी सोडल्यावर हलली. पाय आधी उडाला, प्राणिशास्त्र नंतर आलं. दादाचा गडी अजून मला बघून नळी हलवतो.

यावर मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांनी माकडांवर केलेला फार सुंदर प्रयोग आहे. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीती नव्हती. त्यांना एक फीत दाखवली: रानातलं माकड साप बघून घाबरतंय. ती पाहून हीही सापाला भ्यायला लागली. मग त्याच फितीत काटछाट करून असं दाखवलं की माकड फुलांना घाबरतंय. फुलांना मात्र कोणी भ्यालं नाही. म्हणजे भीती जन्मतः भरलेली नसते. पण काही भीतींसाठी ओल्या सिमेंटचा चौकोन तयार असतो, एक पाऊल पडलं की ठसा उठतो. फुलांसाठी चौकोनच नाही. मोटारसायकलसाठीही नाही, कारण ती येऊन सव्वाशे-दीडशे वर्षंच झालीत आणि साप त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

तुमची पाल बिनविषारी, निरुपद्रवी. तिला भ्यायचं कारण नाही. पण पाल चुकचुकली, पाल अंगावर पडली, असं म्हणून घरातली मोठी माणसं दचकताना तुम्ही लहानपणी पाहिलीत आणि त्या तयार चौकोनात पालीचं पाऊल उठलं. असं मला वाटतं; तुमच्या घरी मी नव्हते.

आणि सापाची भीती जुनाट झाली, आता फेकून द्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. आपल्या देशात वर्षाला साधारण ५८ हजार माणसं सर्पदंशाने जातात, बहुतेक खेड्यातली, शेतातली. बॅटरी घेऊनच मोटर चालू करायला जा, असं आमची आई दादाला सांगायची ते उगाच नाही. फक्त दुसरा आकडाही शेजारी ठेवा: २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. जवळजवळ तिप्पट. त्याबद्दल अंगावर काटा येत नाही, कारण काटा आणणारी यंत्रणा त्यासाठी बनलेलीच नाही. तिथे पायाच्या भरवशावर राहू नका. हेल्मेट डिकीतून काढा.

जाता जाता: तुमच्या मैत्रिणीने लिहिलंय की बायकांना शॉपिंग आवडते कारण गुहेतल्या बायका फळं वेचायच्या. अशा गोष्टी रचायला पाच मिनिटं लागतात आणि तपासायला कोणी जात नाही. मिनेकाबाईंनी फुलं दाखवून बघितली, तशी फुलं कोणी दाखवली का, एवढं विचारत चला.

शालिमारजवळ तीस वर्षं टायपिंगचे क्लास चालवले. आता नातू मोबाइलवर टाइप करतो, तरी इंग्रजी अक्षरांची जागा तीच, क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय. यंत्रांचीही उत्क्रांती होते म्हणतात, मग ही का झाली नाही?
— निवृत्त टायपिंग शिक्षक

सर, न होणं हीच तिची खूण आहे.

शोल्स यांच्या यंत्रावरची ही मांडणी घेऊन रेमिंग्टनने १८७४ मध्ये टाइपरायटर बाजारात आणला. अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून ती तशी केली, हे तुम्हीही वर्गात सांगितलं असेल. अभ्यासक या कारणावर अजून भांडतात. पण दांडे होते म्हणून काय किंवा नव्हते म्हणून काय, तुमच्या नातवाच्या काचेखाली दांडा नाही आणि अक्षरं तिथेच आहेत. १९३६ मध्ये ड्वोराक यांनी दुसऱ्या मांडणीचं पेटंट घेतलं. ती कोण शिकणार? शिकणारे नाहीत म्हणून यंत्रं नाहीत, यंत्रं नाहीत म्हणून शिकणारे नाहीत. तुमच्या क्लासात एकाने जरी वेगळी मांडणी मागितली असती, तर तुम्ही त्याला बाहेरच काढलं असतं.

याच्या शेजारी मी वर्गात जिराफ उभा करायचे. स्वरयंत्राकडे जाणारी एक नस मेंदूतून निघते, मान उतरून छातीत जाते, हृदयाजवळच्या मोठ्या धमनीखालून वळसा घालते आणि परत मान चढून स्वरयंत्राला मिळते. जिराफात हा फेरा काही मीटरचा. माशासारख्या पूर्वजांत मानच नव्हती, तेव्हा तोच रस्ता सरळ होता. मान लांबत गेली तशी नस ताणत गेली. तोडून नव्याने जोडायची तर मधल्या पिढीतलं जिराफ गप्प राहून, घास अडकून मेलं असतं. प्रत्येक पिढीला आजचा दिवस भागवायचाच असतो. पोटमाळ्याचं म्हणाले होते ते हेच.

तुम्हाला तर मराठीतलं उदाहरण माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मराठी टाइपरायटरवर 'कि' काढायचा तर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, क मागाहून, कारण कागदावर वेलांटी आधी येते. आणि अर्धा ख मारून पुढे काना दिला की पूर्ण ख. कॉम्प्युटरला या कसरतीची गरज नाही; इन्स्क्रिप्ट या मांडणीत आधी क, मग वेलांटी, जसं बोलतो तसं. तरी आमच्या कॉलेजच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कबाई निवृत्त होईपर्यंत वेलांटी आधीच मारत होत्या. त्यांच्यासाठी कॉम्प्युटरलाच टाइपरायटरचं सोंग घ्यायला लावलं होतं.

पण यंत्राच्या वाट्याला एक सवलत आहे, जी जिराफाला नाही. शिवणयंत्राचं बघा. सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, हे हजारो वर्षं ठरलेलं. पहिल्या काही खटपटी हाताच्या शिवणीचीच नक्कल करत होत्या: सुई कापडातून पूर्ण आरपार घालायची. एलायस हाऊ यांनी १८४६ मध्ये पेटंट घेतलं त्या यंत्रात नेढं टोकाशी आलं होतं आणि खालून दुसरा दोरा. हातशिवणीची सुई आणि मशीनची सुई शेजारी ठेवून बघा. हाताने शिवायला मधली कुठलीच अवस्था सोयीची नाही. अर्ध्यात नेढं असलेली सुई शिंप्याच्या हातात काय कामाची? निसर्गाला अशी उडी जमत नाही. माणसाला जमते, कारण न चालणारी सुई तो डोक्यात किंवा टेबलावर ठेवून वर्षभर घोळवू शकतो. ती सुई उपाशी मरत नाही.

शिवाय उसनवारी. दादाचा फवारणीचा ब्लोअर बघा: पंखा एका घराण्याचा, पंप दुसऱ्या, ट्रॅक्टर तिसऱ्या. सातपूरच्या एखाद्या शेडमध्ये तिघांचं लग्न लावून देतात. वटवाघळाला कितीही वाटलं तरी कावळ्याकडून पिसं उसनी मिळत नाहीत.

बाईंनी वर्गात मनगटाची दोरी बघायला सांगितली. माझ्या दोन्ही हातांना आहे, ताईच्या एकाही नाही. तिला काही झालंय का?
— इयत्ता आठवी, इगतपुरी

काही झालेलं नाही, घाबरवू नकोस तिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवायची आणि मनगट जरा आत वाकवायचं. मधोमध एक दोरी उठते. तो एका लांब, बारीक स्नायूचा कंडरा. साधारण शंभरातल्या पंधरा जणांत तो एका किंवा दोन्ही हातांत नसतोच, आणि पकडीत म्हणावा असा फरक पडत नाही. डॉक्टरांना दुसरीकडचा तुटलेला कंडरा जोडायचा असला की ते बिनदिक्कत हा काढून वापरतात. असला तरी चालतो, नसला तरी चालतो, म्हणून कोणी त्याला घालवतही नाही आणि राखतही नाही.

तुझं पत्र वाचल्यावर मी माझं मनगट बघितलं: डाव्याला आहे, उजव्याला नाही. मग दादाला फोन करून बघायला लावलं. तो म्हणाला, थांब, हातातलं सिकेटर ठेवतो. त्याच्या दोन्ही हातांना नाही. चाळीस वर्षं छाटणी करतोय.